उजवा हात आणि चाळीस टक्के

गेल्या महिन्यात मला एका फायरमनचा फोन आला. ओळख ना पाळख. शेजारच्या तालुक्यातल्या नगरपालिकेच्या अग्निशमन दलातला माणूस. पेंढ्याची आग विझवताना शेडचा वासा खांद्यावर पडला आणि तेव्हापासून त्याचा डावा हात डोक्याच्या वर जात नाही. कुणीतरी त्याला माझा नंबर दिला होता.

"मॅडम, तुमचं काम झालं म्हणे. कसं झालं ते सांगा ना. इथे प्रत्येक जण वेगळंच सांगतोय."

मी सांगायला लागले ती दीड तास थांबले नाही. नितीन, माझा नवरा, समोर सुपाऱ्या सोलत बसला होता. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "ही गोष्ट तू आता चौथ्या माणसाला सांगतेयस. एकदा लिहून काढ की!"

म्हणून लिहितेय. मी लेखिका वगैरे नाही. पोलीस हवालदार आहे. माझं लिखाण म्हणजे स्टेशन डायरी आणि पंचनामे, तेव्हा भाषा कुठे सरकारी झाली तर समजून घ्या.

मी कुणाला वाचवत नव्हते

चौलला माझं सासर. माहेर पेणच्या खाऱ्या पाण्याकडचं, बापाची मिठागरं होती. पाण्याची भीती मला कधी वाटली नाही, म्हणून सागरी पोलीस ठाण्यात बोटीवरची ड्युटी लागली तेव्हा घरात मीच एकटी खूश होते.

त्या दिवशी सकाळची गस्त संपवून आम्ही परत येत होतो. पावसाळा संपून बोटी नुकत्याच सुरू झालेल्या, पाणी अजून शांत झालं नव्हतं. बोट चालवायला हनीफचाचा. ते आमचे तांडेल, कंत्राटावरचे, वय साठीला टेकलेलं. बोट जेट्टीला लागत होती. खलाशाने दोर फेकला. तेवढ्यात एक मोठी लाट खालून आली, बोट उचलली गेली आणि जेट्टीच्या अंगावर जायला लागली. मी उजवा हात पुढे करून जेट्टीला रेटा दिला.

बोटीला हाताने अडवायचं नाही, हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः नव्या मुलींना शिकवलंय.

"हात काढ बेटा!" चाचा ओरडले. तोवर हात बोट आणि काँक्रीट यांच्या मध्ये गेला होता.

दुखलं नाही. खरंच नाही. मी हाताकडे बघितलं आणि मनात पहिला विचार आला की युनिफॉर्म आता धुऊन निघणार नाही. चाचांनी डोक्याचा रुमाल सोडून हात घट्ट बांधला, मला दंडाला धरून जेट्टीवर चढवलं आणि गाडीत बसेपर्यंत सारखे एकच म्हणत होते, "बघू नको. माझ्याकडे बघ. बघू नको."

गावात काय पसरलं होतं ते मला नंतर कळलं. स्मगलरांच्या बोटीचा पाठलाग करताना मी जखमी झाले, असं दूधवाला घरोघरी सांगत होता. एका घरी तर त्याने तलवार पण आणली. माझ्या सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि कुणालाही नाही म्हटलं नाही. मी विचारल्यावर म्हणाल्या, "मी कशाला सांगू? लोकांना बरा वाटतंय त."

तो माझा विभाग नाही

ग्रामीण रुग्णालयात पट्टी केली, मग अलिबाग, मग तिथून थेट पनवेल. पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. नितीन एका बाजूला, मी स्ट्रेचरवर.

"करंगळी वाचणार नाही," ते म्हणाले. "शेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलंय. तळहाताची हाडं मोडलीत, ती तारा घालून बसवू. बाकीची बोटं राहतील, पण किती वळतील ते आज सांगता येत नाही."

मी विचारलं, "डॉक्टर, माझी नोकरी?"

त्यांनी माझ्याकडे आणि मग नितीनकडे पाहिलं. "बाई, तो माझा विभाग नाही."

त्यांची काही चूक नव्हती, पण ते वाक्य पुढे सहा महिने माझ्या कानात राहिलं. हा विभाग नक्की कुणाचा, हे शोधण्यातच माझं अर्धं आजारपण गेलं. करंगळी गेल्याचं दुःख मला नंतर झालं. पहिलं दुःख हे की आता मला घरी बसवणार. उजव्या हाताने लाठी नाही धरता येत, पिस्तूल नाही धरता येत, लिहिता येत नाही, अशी पोलीस कुणाला हवी?

नितीन ऑपरेशनच्या दारापर्यंत स्ट्रेचरसोबत आला. तो टेम्पो चालवतो, नारळ-सुपारी पनवेलच्या बाजारात पोचवतो, बोलणं कमी. दारात म्हणाला, "आठ बोटं आन एक अर्धं... बरीच झाली." मला हसू आलं. हसतच आत गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या, हिला आधीच काही दिलंय का?

पालीच्या आजी

दवाखान्यात सकाळी सहाला थर्मामीटर, साडेसहाला चहा, आठला झाडू मारणाऱ्या मावशी, आणि एक दिवसाआड ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या दिवशी मला सकाळपासून घाम सुटायचा. ते पंधरा मिनिटांचं काम असतं. आजारपणात भीती बहुतेक वेळा अशा पंधरा मिनिटांचीच असते. बाकीचा दिवस कंटाळ्यात जातो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेजारच्या खाटेवर पालीच्या एक आजी होत्या. अंगणात पडून खुबा मोडलेला. दिवसभर पडल्या पडल्या सगळ्यांची चौकशी. तिसऱ्या ड्रेसिंगनंतर मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"ए पोलिसीन बाय. किती बोटां गेली?"

"एक. आणि एक अर्धं."

"मंग आमच्या बल्लाळेश्वराला काय म्हनशील? त्याचा दात तुटलेला हाय. एकदंत म्हनून सगला महाराष्ट्र पाया पडतो. त्यो रडतोय का?"

मी म्हटलं, "आजी, त्याला ड्रेसिंग नसतं."

आजी इतक्या हसल्या की खुब्यात कळ आली आणि नर्स आम्हा दोघींना ओरडली. त्या दिवसापासून ड्रेसिंगला मावशी न्यायला आल्या की आजी खाटेवरून "मोरया" म्हणायच्या, आणि सगळा वॉर्ड "मोरया". चौथ्या दिवशी डॉक्टरही म्हणाले.

नाडी आणि वेणी

घरी आल्यावर खरी परीक्षा. उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हाताला काही म्हणता काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी न्हाणीघरात मी सलवारची नाडी एका हाताने बांधायचा प्रयत्न करत वीस मिनिटं उभी होते. दातात धरून पाहिली. शेवटी दाराआडून हाक मारली, "आई..."

सासूबाई आत आल्या, नाडी बांधली, गाठ ओढून बघितली. "नितीनची बांधली ना सात वर्षाचा होईस्तवर, आता तुझी."

मी गुन्हेगारांना हातकड्या घातलेली बाई. त्या क्षणी किती लहान वाटलं ते लिहिता येणार नाही. पण त्यांनी मला लाजायलाच वेळ दिला नाही. नाडी बांधून लगेच गॅसवर काय ठेवलंय त्याबद्दल बोलायला लागल्या. हे ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. मदत करताना बोलायचं असेल तर भाजीबद्दल बोला.

वेणीचं काम नितीनकडे गेलं. त्याला एकच प्रकारची गाठ येते, टेम्पोवर माल बांधायची. पहिल्या दिवशी त्याने माझी वेणी घातली ती नारळाच्या गोणीचं तोंड आवळावं तशी. माझे डोळे ओढले गेले. संध्याकाळी सोडायला दोघं लागले.

आणि एक मजा. नसलेली करंगळी खाजायची. खरोखर खाजायची, टोकाला. डॉक्टर म्हणाले असं होतं, मेंदूला बातमी पोचायला वेळ लागतो. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या शांतपणे माझ्या हाताशेजारी, हवेत, जिथे करंगळी असायला हवी तिथे, नखांनी खाजवायला लागल्या. "आता?"

आणि तुम्हाला सांगते, बरं वाटलं.

भाऊमामा

भाऊमामा म्हणजे नितीनचे मामा. पेणला राहतात. सरकारी कचेरीत आयुष्य काढून निवृत्त झाले. प्लॅस्टर उतरायच्या आधीच ते एक फाईल, एक पंच मशिन आणि लाल नाडीचं बंडल घेऊन आमच्याकडे हजर झाले.

त्यांच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे त्याआधी हे लिहिते, की मामा नसते तर मी आज कुठे असते माहीत नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशीची स्टेशन डायरीची नोंद वाचलीस का?"

मी वाचली नव्हती. कोण वाचतं? आमच्या ठाणे अंमलदाराने ती नीट लिहिली होती म्हणून निभावलं. "गस्त कर्तव्यावर असताना" हे शब्द त्यात होते. मामा म्हणाले, या तीन शब्दांवर सगळं उभं आहे. 'जेट्टीवर जखमी' एवढंच असतं तर पुढे वर्षभर सिद्ध करत बसली असतीस की तू तिथे मासे घ्यायला गेली नव्हतीस. त्या नोंदीची नक्कल, पहिल्या दवाखान्याचा जखमेचा दाखला आणि रजेचा अर्ज, तो पण साधा वैद्यकीय रजेचा नाही, कर्तव्यावर झालेल्या दुखापतीची जी विशेष विकलांगता रजा असते तिचा. हे सगळं मामांनी मला आठवड्यात करायला लावलं. फायरमन भाऊ, तुम्ही वाचत असाल तर हेच आधी करा. बाकीचं नंतर.

चौकशी झाली. मला लेखी विचारलं, हात का घातला? याच प्रश्नाला मी घाबरत होते. स्वतःची चूक म्हणून सगळं नाकारतील असं वाटत होतं. हनीफचाचा जबाब द्यायच्या आदल्या दिवशी घरी आले. सोबत बायकोने केलेल्या खिमा-समोशांचा डबा. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "मी सांगतो का की खलाशाचा पाय मध्ये येत होता, तू त्याला वाचवायला हात घातलास? खलाशी पण हो म्हणेल."

मोह झाला. नाही कशाला म्हणू? पण मी बारा वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतलेत. पढवलेला जबाब कसा वाचला जातो ते मला माहीत आहे.

"नको चाचा. झालं तेच सांगा."

"झालं ते हेच की लाट मोठी होती नि तू ड्युटीवर होतीस."

"मग एवढंच सांगा."

मी माझ्या उत्तरात लिहिलं, सवयीने हात पुढे गेला. चाचांनी लाट सांगितली. साहेबांनी शेरा दिला की दुखापत कर्तव्य बजावताना झाली. चुकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

चाचा त्या दिवशी दारातून निघताना माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "माझा असता ना, तर कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी दुसरा तांडेल बघितला असता. तुझ्या मागे सरकार आहे बेटा. सोडू नको."

अकरा दिवस

प्लॅस्टर उतरलं तेव्हा हात लाकडाच्या फळीसारखा होता. तीन बोटं सरळ, ताठ, वळायचं नाव नाही. अलिबागला फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या डॉक्टर समीना, श्रीवर्धनकडच्या, माझ्यापेक्षा लहान, आणि ड्रिल घेणाऱ्या उस्तादापेक्षा कडक. तांदळाच्या घमेल्यात हात खुपसून मुठी वळायच्या. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे. कणकेचा गोळा दाबायचा. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण दर आठवड्याला त्या कोन मोजायच्या पट्टीने बोटं मोजायच्या आणि कागदावर आकडा वर जायचा. मी तो कागद फ्रिजवर लावला होता.

भाऊमामांनी तो पाहिला.

"हे काय?" ते म्हणाले. "बोर्ड व्हायचाय ना अजून?"

बोर्ड म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला देणारे डॉक्टर. ते हात तपासून टक्के ठरवतात. चाळीस टक्के किंवा जास्त असले की बऱ्याच सवलती लागू होतात. मामांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला, जसं काही शेजारी ऐकत होते.

"ऐक माझं. बोर्ड होईपर्यंत मूठ वळवायची नाही. हात आहे तसा ठेव. चाळीसच्या खाली गेलीस तर हातात नुसता कागद येईल. आणि नोकरीतून काढायला निघाले तर काय दाखवशील? नंतर कर ना व्यायाम, आयुष्य पडलंय."

नितीनने माझ्याकडे पाहिलं. तो 'नाही' म्हणाला नाही. आणि मी खोटं लिहिणार नाही. मलाही ते पटलं. भीती होतीच, मामांनी तिला फक्त नियम दिला.

अकरा दिवस मी व्यायाम केला नाही. समीना डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ताप आहे.

बाराव्या दिवशी गेले. त्यांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. पट्टी टेबलावर ठेवली.

"कुणी सांगितलं थांबायला?"

"ताप होता..."

"ताप बोटं ताठ नाही करत. बोर्डाची तारीख आलीय ना? तुम्ही पहिल्या नाही, मॅडम." त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त लागलं. "हे सुरुवातीचे महिने आहेत. सांधे एकदा धरले की मग मी काही करू शकत नाही. टक्के वाढवायचं मला शिकवलेलं नाही, मला हात चालवायला शिकवलंय. घरी जा, विचार करा. सोमवारी आलात तर मी समजेन तुम्हाला हात हवाय."

मी घरी आले. सासूबाई पेज गाळत होत्या. पातेलं मोठं होतं, फडकं निसटलं आणि पातेलं कलंडलं. मी शेजारीच उभी होते. उजवा हात पुढे गेला, कडेपर्यंत पोचला, आणि बोटं मिटलीच नाहीत. पातेलं माझ्या हाताला घासून खाली गेलं. पेज ओट्यावरून जमिनीवर. नशीब आमचं की सासूबाई मागे सरल्या; पायावर दोन थेंब उडाले, एवढंच.

आम्ही दोघी त्या भातात उभ्या. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा केला.

"अकरा दिवस झाले ना, चालवत न्हायस?" त्या मोजत होत्या तर. "भाऊ माझा सख्खा भाव हाय. हुशार हाय. पन तो काय तुझ्याबरोबर रोज या घरात राहनार न्हाय. हात चालीव बाय. सरकारचा कागद पातेला धरायला येनार न्हाय."

मी सोमवारपर्यंत थांबले नाही. सांडलेला भात पुसून झाल्यावर तांदळाच्या डब्यात हात घातला.

संध्याकाळी मामांना मीच फोन केला. ते चिडले. इतकी वर्षं फायली बघितल्या त्या काय उगाच? मी म्हटलं, मामा, तुमचं सगळं ऐकलं, हे एक ऐकणार नाही. "मग यापुढे मला विचारू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नितीन तिसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरला तो हातात एक रबरी चेंडू घेऊन. "बाजारात मिळाला," म्हणाला. विषय संपला.

छत्तीस

बोर्डाच्या दिवशी आम्ही अलिबागला जिल्हा रुग्णालयात पोचलो तर बाकावर भाऊमामा बसलेले. मांडीवर फाईल, लाल नाडीने बांधलेली. माझ्याकडे न बघता नितीनला म्हणाले, "झेरॉक्स तीन प्रती लागतात. तुम्ही दोनच आणल्या असणार." आम्ही दोनच आणल्या होत्या.

आत तीन डॉक्टर. हाडांच्या डॉक्टरांनी माझा हात टेबलावर ठेवून घेतला, बोटं दाबली, वळवली, कागदावर लिहिलं. मग म्हणाले, "आता तुमची तुम्ही मूठ वळा. जेवढी येईल तेवढी."

जेवढी येईल तेवढी. मला वाटतं त्या खोलीत तेव्हा कुणालाच कळलं नसतं, मी थोडी कमी वळली असती तर. मी सगळा जीव लावून मूठ वळली. तीन बोटं तळहाताला टेकली नाहीत, पण जवळ गेली.

"अजून?"

"एवढीच, सर."

"एवढी खूप आहे," ते म्हणाले. "या जखमेला. व्यायाम कुणाकडे केलात?" मी समीना डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं लिहायला लागले.

दाखला हातात पडला तेव्हा त्यावर छत्तीस टक्के होते.

मामांनी चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी भांडायला तयार होते. त्यांनी तो घडी करून फाईलमध्ये ठेवला. आम्ही बाहेर टपरीवर आलो. चहावाल्याने ग्लास पुढे केले. मी सवयीने डावा हात काढला.

"उजव्याने घे," मामा म्हणाले.

घेतला. काठोकाठ भरलेला होता, गरम होता, आणि तीन बोटांनी आणि अंगठ्याने धरलेला होता. मामा माझा चहा संपेपर्यंत बघत राहिले. स्वतःचा प्यायला विसरले.

विभाग सापडला

नोकरीवर राहण्यासाठी वेगळी तपासणी होते. टक्क्यांचा दाखला आणि ही तपासणी एक नाहीत, हे कुणी नीट सांगत नाही. तिथे निकाल आला, बोटीच्या ड्युटीसाठी अपात्र, बैठ्या कामासाठी पात्र. अपात्र हा शब्द वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. मग नितीन, मी आणि मामा, आम्ही अधीक्षक कार्यालयात गेलो. तिथे आस्थापनेच्या टेबलावर एक लिपिक मॅडम होत्या. कागद चाळत म्हणाल्या, "घाबरलात का इतक्या? नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही. पगार कमी करता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. जमेल असं दुसरं काम द्यायचं. कायदाच आहे तसा."

"पण टक्के छत्तीस आहेत," मामा म्हणाले.

"त्याचा आणि चाळीसचा संबंध नाही, काका. चाळीस लागतात ते इतर सवलतींना. नोकरी राखायला नाही."

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

नितीन जन्मापासून मामांना ओळखतो. बाहेर आल्यावर म्हणाला, हे वाक्य त्याने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मामांनी त्याला पाठीत गुद्दा घातला आणि मग स्वतःच हसत सुटले.

चार टक्क्यांनी काय गेलं ते मला माहीत आहे. एसटीच्या तिकिटापासून बरंच काही. कधीतरी चुटपुट लागते. मग भाकरी थापायला बसते. तांदळाची भाकरी एका हाताने थापता येत नाही, आणि माझी आता पुन्हा गोल होते. म्हणजे जवळजवळ गोल. एका बाजूला, करंगळीच्या जागी, एक टेंगूळ येतं. सासूबाई ती भाकरी नेहमी नितीनच्या ताटात वाढतात.

रुजू

विशेष रजा मंजूर झाली. माझं काम जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात लागलं, फोन आणि वायरलेसवर. बक्कल नंबर तोच, हुद्दा तोच. युनिफॉर्म मात्र नवा शिवावा लागला, दवाखान्याच्या आणि सासूबाईंच्या जेवणाने अंग भरलं होतं.

पहिल्या सकाळी मी कानाला हेडफोन लावून बसले. अपघात, आग, बुडणारी बोट, काय येईल त्याची तयारी केली होती. शेजारच्या मुलीने सगळी बटणं दाखवली होती. फोन वाजला. मी पेन उजव्या हातात धरलं आणि उचलला.

बोर्ली पंचतनहून एक म्हातारे काका बोलत होते. त्यांना पलीकडे लेकीकडे जायचं होतं, आणि उद्या दिघीची फेरीबोट चालू राहणार का, एवढंच विचारायचं होतं. वारा सुटला होता म्हणे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पोलिसांना सगळं माहीत असतं.

हा तातडीचा फोन नव्हे, असं सांगायचा नियम आहे. तेही सांगितलं. पण आधी त्यांना दोन मिनिटं थांबायला लावून वायरलेसवर तिकडच्या ठाण्याला विचारलं. त्यांनी जेट्टीवरून खबर काढली. वारा दुपारनंतर पडेल, बोट चालू. मी वेळ लिहिली, नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं पण वाचता येण्यासारखं.

काका खूश झाले. पण फोन ठेवेनात.

"बाय, तुमचा आवाज कंदी ऐकला न्हाय. तुमी नवीन हाय काय?"

"न्हाय काका," मी म्हटलं. "जुनीच हाय."